शिगेचा चमचा

सोमवार, ३ तारीख

ही वही कामावरची. प्राणिघराच्या नोंदींसाठी वह्यांचा गठ्ठा आला होता. त्यातली एक उरली, ती बाईंनी मला दिली. "काका, तुम्हाला फार काळज्या असतात. लिहून काढत जा. निदान माझं डोकं तरी खाणार नाही," म्हणाल्या.

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य. मी त्यांच्याकडे उंदीर सांभाळतो. एकोणीस वर्षं झाली. निवृत्त झालो तरी सकाळच्या अर्ध्या दिवसासाठी परत बोलावून घेतलं. नोंद कशी करायची तेही त्यांनीच शिकवलं. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'आहे ते' लिहायचं, उजवीकडे 'वाटतं ते'. "दोन्हींची सरमिसळ केलीत तर पिल्लं मरतात," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. माझी शाळा सातवीला सुटली. पिंजऱ्यांच्या बाबतीत मला ती रेघ मारता येते, घरच्या बाबतीत येत नाही.

तरी प्रयत्न करतो. आहे ते असं: आज नात घरी आली. साडेसातव्या महिन्यातच जन्मली आणि पाच आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. वजन दोन किलोला थोडं कमी. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिना महिना बाहेर असतो, म्हणून लेक आणि बाळ आमच्याकडेच राहतील. मी तिला 'ठिपका' म्हणतो. कागदावर चुकून शाई पडावी तेवढीच आहे.

वाटतं ते: तिला उचलताना माझ्या हाताला घाम सुटला. हिच्या लक्षात आलं. ही म्हणजे माझी बायको. मागच्याच आठवड्यात तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलाय, डोळ्यावर पट्टी आहे, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. तरी एका डोळ्याने तिला माझा घाम दिसला. लेकीला म्हणाली, "तुझ्या बाबांना आनंद झाला तरी ताप येतो. लक्ष देऊ नकोस."

बुधवार, ५

प्राणिघरात एक मादी व्याली आणि दुसऱ्या दिवशी मेली. मागे अकरा पिल्लं राहिली. गुलाबी, डोळे मिटलेले, शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी. बाईंना पिल्लांची किडनी कशी पिकत जाते ते बघायचंय, त्यामुळे यातलं एकही जाऊन चालणार नाही. हातावर वाढवायची. हे काम माझं.

उंदरीचं दूध माणसाच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असतं. म्हणून पावडर शीग लावून घ्यायची. चमचा डब्यात खुपसायचा, कडेला अंगठ्याने दाबायचा, पुन्हा खुपसायचा आणि वर डोंगर घेऊन उचलायचा. विचार करावा लागत नाही, हातच करतो. पिंजरे धुणारा माझा जोडीदार लांब्या म्हणतो, "तुझे डोळे बांधले तरी डोंगर तेवढाच येईल." बाईही पाहुण्यांना सांगतात, की आमच्या काकांचा हात म्हणजे वजनाचा काटा.

पाजून झालं की कापूस कोमट पाण्यात भिजवून पिल्लांच्या पोटाखाली हळूहळू पुसायचं. आई तिथे चाटते, तेव्हाच ती लघवी करतात. आपली आपल्याला करता येत नाही. कोणी पुसलं नाही तर तुंबून मरतात. प्रत्येकाचा कापूस ओला झाला का ते बघून खूण करायची.

मी बाईंना विचारलं, एवढं साधं काम यांना का जमत नाही?

"किडनीच अर्धवट असते, काका. आत बारीक बारीक गाळण्या असतात, त्या जन्मानंतरही आठ-दहा दिवस बनत राहतात. बनल्या तरी लगेच कामाला येत नाहीत. पाणी राखून ठेवायचं आणि नको ते तेवढं बाहेर टाकायचं, हे कसब यायला तीन आठवडे लागतात."

"आणि माणसाच्या?"

"माणसाच्या गाळण्या आईच्या पोटातच पुऱ्या होतात. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत कामाचा नुसता धडाका असतो. मग दुकान बंद. जेवढ्या झाल्या तेवढ्यांवर आयुष्य काढायचं."

मग मी कोणाचा आजोबा आहे ते त्यांना आठवलं. "लवकर आलेल्या बाळांच्या बाहेर आल्यावरही काही आठवडे बनतात हो. लगेच चेहरा पाडू नका."

मी चेहरा पाडला नाही. पण रंगारी अर्धी भिंत रंगवून निघून गेला तर त्या भिंतीचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

गुरुवार, ६

सकाळी लेक थंडीने कुडकुडत होती. सिझेरियनचे आतले टाके पिकलेत. दुपारी तिला पुन्हा दाखल करून घेतलं, औषधं चालू आहेत तोवर अंगावर पाजायचं नाही म्हणाले. बाळाला वॉर्डात ठेवू देत नाहीत. आता दूध डब्याचं, आणि ते करायचं मी, कारण हिला बाटलीवरच्या रेघा दिसत नाहीत.

दवाखान्यातल्या सिस्टरने निघताना मला चार गोष्टी सांगितल्या. मी त्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतल्या. पाणी उकळून गार केलेलं. तीस मिलीला एक चमचा. वरून साधं पाणी एक थेंबही नाही. उरलेलं टाकून द्यायचं. प्रत्यक्ष करून त्यांनी लेकीला आधीच दाखवलं होतं, तेव्हा मी औषधं आणायला गेलो होतो.

लेकीने हात घट्ट धरला. "बाबा, जमेल ना?"

"एकोणीस वर्षं दुसरं काय केलं मी?" म्हणालो. ती ताप असूनही हसली.

डब्याच्या तोंडाशी प्लास्टिकची एक आडवी पट्टी आहे. चमचा वर काढताना सारखी अडते आणि पावडर सांडते. कशाला लावतात कोण जाणे. कात्रीने कापून टाकली. आता हात मोकळा चालतो.

बाटल्या तीनदा उकळल्या. ही म्हणाली, "चौथ्यांदा उकळल्यात तर वितळतील."

शनिवार, ८

आहे ते: ओले लंगोट आठ. दूध सगळं संपवते. सकाळी कामावर जाण्याआधी मी दोन बाटल्या करून फ्रिजमध्ये ठेवतो, ही त्या कोमट करून पाजते. दुपारनंतर मी असतोच.

वाटतं ते: ठीक चाललंय असं वाटतं, म्हणूनच भीती वाटते. झोपलेली असली की तिच्या नाकाखाली हिच्या पर्सचा आरसा धरतो. वाफ धरली की बरं वाटतं. ही म्हणते, "पोरीला आत्तापासून आरशाची सवय लावा."

पिल्लंही बरी आहेत, अकराच्या अकरा.

रविवार, ९

आज रडली. भुकेचं रडणं मला कळतं. बाटली तोंडाला लावताच तुटून पडली, संपवली आणि पुन्हा रडायला लागली. पाऊण तासाने आणखी साठ मिली केलं, तेही संपवलं. लंगोट सात.

मी लेकीला फोनवर सांगितलं, की तुझी पोर खादाड निघाली. तिला आनंद झाला. "दूध नीट मोजून करताय ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा एक चमचाही जास्त नाही आणि एकही कमी नाही.

सोमवार, १०

ही म्हणाली, "ही भूक नाही. तहान आहे."

"तुला काय माहीत?"

"चार पोरं वाढवलीत मी, त्यातली दोन माझ्या बहिणीची. जीभ बघा कशी चिकटतेय. चमचाभर पाणी द्या तिला."

मी पुठ्ठ्यावर लिहिलेलं वाचून दाखवलं: वरून साधं पाणी एक थेंबही नाही. सिस्टरने दोनदा बजावलं होतं, की तान्ह्या बाळाला पाणी दिलं तर कोवळ्या किडनीला ते झेपत नाही. ही म्हणाली, "लिहिलेलं वाचता येतं, पोर वाचता येत नाही तुम्हाला." मी बाटलीभर दूध केलं. पाणी दिलं नाही. मी घाबरट असेन, पण सांगितलेलं मोडणारा नाही.

लंगोट सहा.

मंगळवार, ११

प्राणिघरातला हीटर पहाटे केव्हातरी बंद पडला. सकाळी गेलो तर पिल्लं एकमेकांना चिकटून गारठलेली. काखेत धरून ऊब दिली, लांब्याने नवीन हीटर लावला. सगळी जिवंत आहेत, पण कालच्यापेक्षा एकाचंही वजन वाढलेलं नाही.

घरी दुधाचा डबा संपला. औषधवाल्याने हिशोब करून सांगितलं होतं, की आठ-नऊ दिवस जाईल. पाचव्याच दिवशी तळ लागला. ही म्हणाली, "मांजर पितंय का?" मला वाटलं पावडर कमी भरतात हल्ली. दुसरा डबा आणला. त्याचीही पट्टी कापली.

ठिपक्याचं अंग हाताला वेगळं लागतं. चिमटीत धरलेली कातडी मळलेल्या पिठासारखी राहते. वाटतं ते की आहे ते, ठरवता येत नाही. लंगोट पाच. रंग गडद पिवळा.

बुधवार, १२

रडण्याचा आवाज बारीक झालाय, दाराच्या बिजागरीसारखा. अंग गरम आहे. खोलीत ऊब जास्त झाली म्हणून खिडकी उघडली, मग वारा लागेल म्हणून लावली. असं सहा वेळा केलं.

बालरोग डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. परवा सकाळची वेळ मिळाली. लेकीचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, सगळं उत्तम. तिचा ताप उतरतोय, तिला कशाला सांगू? ही शेजारीच बसली होती. पट्टी नसलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.

अशक्त वाटते म्हणून आज एक बाटली जास्त पाजली. लंगोट चार. मागची पानं उलटून बघितली. आठ, सात, सहा, पाच, चार. पिंजऱ्याच्या वहीत असे आकडे दिसले असते तर मी तडक बाईंकडे गेलो असतो. इथे मी आणखी एक बाटली केली.

गुरुवार, १३

मोठ्या दवाखान्यात आहोत. बाकावर बसून लिहितोय. माझ्यामुळे झालंय.

शुक्रवार, १४

काल हात चालेना. आज लिहितो, कारण डॉक्टरांनी सांगितलंय की जे आठवेल ते सगळं लिहून द्या.

काल सकाळी बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "काका, आजपासून पिल्लांचं दूध पातळ करा. चमचा सपाट."

मी विचारलं, अशक्त पिल्लांना उलट दाट नको का?

"नको. नीट ऐका. दाट दुधात क्षार फार असतात. पिल्लू भराभर वाढत असतं तोवर ते त्याच्या हाडामांसात जिरतात, किडनीपर्यंत थोडेच पोचतात. वाढ हीच त्यांची तिसरी किडनी म्हणा ना. वाढ थांबली की ते सगळं त्या दोन कच्च्या किडन्यांवर येऊन पडतं. त्यांना ते बाहेर टाकता येत नाही. टाकायचं तर अंगातलं पाणी खर्चून टाकावं लागतं. पिल्लू आतून सुकतं. मग तहानेने आणखी दूध पितं, आणि त्यातून आणखी क्षार पोटात जातात."

मला वाटतं मी तेव्हाच गार पडायला लागलो होतो, पण मला ते कळत नव्हतं. मी चमचा घेतला. सपाट करायचा म्हणून मनाशी ठरवून घेतला. हाताने खुपसला, दाबला, डोंगर घेऊन वर आणला. बाई हसल्या. "अहो, सपाट." मी पुन्हा घेतला. पुन्हा डोंगर. बाईंनी तो काट्यावर ओतला, मग सुरीच्या पाठीने सपाट केलेला दुसरा ओतला. "बघा, तुमचा चमचा दीडपट भरतो. पिल्लांसाठी तेच हवं होतं म्हणून मी कधी बोलले नाही."

लांब्या म्हणाला, "माणसाच्या पोराला असं दूध पाजलं तर..." आणि माझ्याकडे बघून थांबला.

कात्रीने कापलेली ती पट्टी मला दिसली. चमचा सपाट करायलाच लावतात ती.

बाईंच्या गाडीतून घरी आलो. ठिपका हिच्या मांडीवर होती, डोळे अर्धे उघडे, डावा हात एकसारखा उडत होता. रडत नव्हती. सकाळपासून लंगोट एकही नाही. बाईंनी बघितलं आणि गाडीचं दार उघडंच ठेवून म्हणाल्या, "चला."

दवाखान्यात रक्त घेतलं. तिच्या टाचेतून. एवढ्याशा टाचेतून. थोड्या वेळाने तरुण डॉक्टर कागद घेऊन आले. रक्तातलं मीठ फार वाढलंय म्हणाले. "उलट्या? जुलाब? नाही? मग मीठ आलं कुठून? दूध कोण करतं?"

"मी."

"कसं?"

"डब्यावर लिहिलंय तसं. तीस मिलीला एक चमचा."

यात एकही शब्द खोटा नव्हता. बाई प्रयोगशाळेत फोन लावायला बाहेर गेल्या होत्या. ही बाहेर बाकावर होती. खोलीत मला खोटं पाडणारं कोणी नव्हतं.

डॉक्टर सिस्टरना म्हणाले, "मग जन्मतःच किडनीत काही असेल. त्या तपासण्या लावा. सलाईनचं प्रमाण ठरवायचंय. दोन दिवसांत चढलं असेल तर लवकर उतरवू. जास्त दिवस मुरलं असेल तर थेंबाथेंबाने उतरवावं लागेल, घाई केली तर मेंदूला सूज येते." मग मला म्हणाले, "आजोबा, बाहेर बसा."

मी बाहेर येऊन बसलो. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की लेकीला कळेल. पोर वाचेल की नाही, ते नव्हतं डोक्यात. हे लिहिताना लाज वाटते, पण जे होतं तेच लिहितोय.

ही म्हणाली, "काय केलंत?"

मी सगळं सांगितलं. पट्टी, चमचा, डोंगर.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? एका डोळ्याने मला काही दिसत नाही आणि दुसऱ्याने नुसते तुम्ही दिसताय. आत जा."

मी आत गेलो आणि ही वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. टेबलावरचा औषधाचा चमचा उचलून हवेत करून दाखवलं: खुपसला, दाबला, उचलला. डॉक्टरांनी वही उघडली. आठ, सात, सहा, पाच, चार. ते उभे होते, खाली बसले.

"कधीपासून?"

"सहा तारखेच्या दुपारपासून. प्रत्येक बाटली."

"आठवडा," ते सिस्टरना म्हणाले. "हळू. फार हळू. मघाचं प्रमाण रद्द करा."

ते मला रागावले नाहीत. त्यांना वेळ नव्हता.

शनिवार, १५

सकाळी एकदा आकडी आली. मी काचेतून पाहिली. सगळं अंग वेताच्या छडीसारखं ताठ झालं आणि मग सैल पडलं. औषध दिलं. मीठ उतरतंय, पण ठरवल्यापेक्षा भरभर उतरू नये म्हणून पुन्हा पुन्हा रक्त काढतात. कमी झालं तरी भीती, नाही झालं तरी भीती. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं आत्ताच सांगता येत नाही, किडनीचंही नाही. तिच्या गाळण्या अजून बनायच्या होत्या, त्यात हे.

लघवीची छोटी पिशवी लावलीय. ती दिवसभर रिकामी होती. मला कापूस कोमट पाण्यात भिजवून तिच्या पोटाखाली पुसावंसं वाटलं. सिस्टरना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "आजोबा, जरा चहा पिऊन या."

रविवार, १६

लेकीला आज सांगितलं. ती याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर आहे. ताप गेलाय. कोणी सांगण्याआधी मीच गेलो.

मी सांगून संपवल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी रोज विचारत होते."

मग भिंतीकडे तोंड करून झोपली. मी खुर्चीत बसून राहिलो. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला उठून जाता आलं असतं.

खाली आलो तर सिस्टर म्हणाल्या, पिशवीत वीस मिली आहे. मी दोनदा विचारलं. वीस.

बुधवार, १९

मीठ ठीक झालं. पुन्हा आकडी नाही. डोळे उघडून दिव्याकडे बघते. लेक आता दिवसभर तिच्यापाशी बसते. मी आलो की ती उठून पाणी प्यायला जाते.

बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "चूक माझीही आहे, काका. तुमचा हात म्हणजे काटा, असं मीच सगळ्यांना सांगत होते." त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं, पण मला ते आवडलं नाही. काट्याला पोर दिसत नाही. मला दिसत होती, आणि तरी मी बाटली केली. ही चूक मला कोणाबरोबर वाटून घ्यायची नाही.

पिल्लं आठ राहिली. लांब्या पाजतो. "सपाटच करतो," म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

सोमवार, २४

घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलंय, की महिन्याने रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासायचा, मग तीन महिन्यांनी, मग दरवर्षी. शाळेत जाईपर्यंत तरी. बसायला कधी लागते, धरायला कधी लागते, तेही लिहून ठेवायचं. मी बोटांवर मोजलं. ती शाळेत जाईल तेव्हा मी सत्तरीला टेकलेला असेन. आता रोज घाबरायला एवढी वर्षं मिळायला हवीत.

लेक अंगावर पाजतेय, पण पुरत नाही, दोन वेळा वरचं लागतं. संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात हाक मारली. टेबलावर नवीन डबा होता, पट्टी शाबूत.

"करा," ती म्हणाली.

"मी? तूच कर ना, बाळा."

"तुम्हीच करायचं. माझ्यासमोर."

ही दारात उभी होती, पट्टी काढलेली, दोन्ही डोळे उघडे. मी चमचा डब्यात घातला. हात जे करतो तेच केलं त्याने. डोंगर घेऊन वर आला. मला दिसत होतं तरी तो थांबला नाही. लेकीने माझं मनगट धरलं, चमचा पट्टीखालून ओढला. डोंगर डब्यात पडला.

ती पडलेल्या पावडरीकडे बघत राहिली. "एवढंसं," म्हणाली. "एवढंसंच जास्त होतं."

दुसरा चमचा मी एकट्याने ओढला. त्यातलीही थोडी सांडली. ती म्हणाली, "पुन्हा घ्या." पुन्हा घेतला.

मंगळवार, ४ तारीख

आठ दिवस काही लिहिलं नाही, फक्त आकडे. सहा. सात. सहा. सात. सात. सात. सहा. सात.

आज पहिली रक्ततपासणी झाली, महिन्याआधीच, माझ्या फोनला कंटाळून. डॉक्टर म्हणाले, सध्या बरं आहे. 'सध्या' शब्द मला आवडला नाही. लेक म्हणाली, "बाबा, 'बरं' पण म्हणाले ते."

दुपारी मी खुर्चीत बसून ही वही लिहीत होतो. लेक आली आणि ठिपक्याला माझ्या मांडीवर ठेवून गेली. तेरा तारखेनंतर पहिल्यांदा. लंगोट बदलायला काढलेला होता, नवीन आणायला ती आत गेली होती. मी पेन तसंच हातात धरून बसलो, हलायची भीती वाटली. पोरीने माझ्याकडे पाहिलं, भुवया गोळा केल्या, आणि माझी पँट, खुर्ची आणि ही वही, सगळं भिजवलं. कोणाला पुसावं लागलं नाही. आपली आपण. आणि कितीतरी वेळ.

लेक बाहेर आली, माझ्याकडे बघून हसायला लागली आणि मग तिला ते हसू आवरेना. ही आतून ओरडली, "काय झालं, काय झालं?"

"आजोबांना आंघोळ," लेक म्हणाली. तिने बाळाला उचललं. मी वही झटकायला लागलो तर म्हणाली, "झटकू नका. लिहा आधी."

या पानावरची शाई पसरलीय ती त्यामुळे. रंग अगदी फिका, पाण्यासारखा.

आठ.